चौथा भिडू

मराठी भाषेने पत्ते खेळणाऱ्या माणसाला कधी चांगले म्हटलेले नाही. बुद्धिबळाचा डाव मांडला जातो, क्रिकेट खेळले जाते, गाणे शिकले जाते. पत्ते मात्र 'कुटले' जातात. बाप फारच संतापलेला असेल तर ते 'बडवले'ही जातात. शेंगदाणे कुटावेत, मिरच्या कुटाव्यात, त्यातून निदान चटणी तरी होते. पत्ते कुटून काय होते, हा सवाल त्या एका क्रियापदातच भरलेला आहे. आणि गंमत अशी की, ज्या खेळाला ही भाषा दारात उभे करीत नाही, त्याच्याच शब्दांवर तिचा अर्धा व्यवहार चालतो. निवडणुकीचे तिकीट नाकारले गेले की वर्तमानपत्रात त्या गृहस्थाचा 'पत्ता कापला' जातो. प्रत्येक पक्षाजवळ एक 'हुकमाचा एक्का' असतो. लग्नाच्या बैठकीत मुलाकडची मंडळी आपले 'पत्ते उघडे' करीत नाहीत, आणि नेमक्या वेळी कुठले तरी मामा येऊन सगळा 'डाव उधळून' लावतात.

पत्त्यांच्या रंगांची नावे तर मला फार आवडतात. बंगालमध्ये हरतन, रुइतन, इस्कापन म्हणतात. ती डच व्यापाऱ्यांची भाषा, जरा झिजलेली. आपल्या किल्वरचेही डच 'क्लावर'शी तोंड इतके मिळते की, दोघे कुठल्या तरी बंदरात भेटले असावेत असे वाटते. पण लाल रंगांच्या बाबतीत मराठी माणसाने परक्याचे काही ऐकले नाही. इंग्रजांनी ज्याला हृदय म्हटले, त्याला आपण बदाम म्हटले. आणि त्यांनी ज्याला हिरा म्हटले, त्यात आपल्याला दाराची चौकट दिसली. हृदय आणि हिरा या दोन्ही गोष्टी न परवडणाऱ्या. बदाम आणि चौकट मध्यमवर्गीय संसारात बसतात.

एवढे भाषाशास्त्र मला ऐन दिवाळीत का सुचावे, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, मला ब्रिजचे आमंत्रण आले आहे, आणि ते स्वीकारावे की नाही हे मला फराळ संपायच्या आत ठरवायचे आहे.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. पाटबंधारे खात्यात त्यांची सारी नोकरी झाली. त्यांच्या गॅलरीत गेली सत्तावीस वर्षे दर बुधवारी संध्याकाळी ब्रिजचा अड्डा बसतो. एक काका स्वतः, दुसरे एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तिसरे एक कानाचे डॉक्टर, आणि चौथे काकांचे भिडू, एका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर. श्रावणात मास्तर गेले. पुढच्या बुधवारी बाकीचे तिघे आले. टेबल मांडलेले होते, खुर्च्या चार होत्या. तिघांनी चहा घेतला, गंगापूर धरण किती भरले याविषयी बोलले, आणि पाऊण तासाने उठले. असे सहा बुधवार गेले. जिन्यातून उतरताना त्यांची पावले मला आमच्या बैठकीत ऐकू येत. पूर्वी ती साडेनऊला वाजत. आता सातच्या आत वाजू लागली.

सातव्या बुधवारी काका स्वतःच खाली आले.

"प्रोफेसर, तुम्हाला हुकूम कळतो ना?"

"मेंढीकोटापुरता कळतो, काका."

"मग पुरे. बाकीचे मी शिकवतो. पण एक आधीच सांगून ठेवतो. आम्ही वेळ घालवायला खेळत नाही. दरवर्षी एका तरी स्पर्धेत उतरतो. यंदाचा हंगाम गेला. पण पुढच्या वर्षी मला संघ उतरवायचा आहे. माझे वय शहात्तर. पुढच्या वर्षी सत्त्याहत्तर. तेव्हा विचाराला वेळ घ्या, पण फार घेऊ नका."

एवढे बोलून ते वर गेले. चहासुद्धा घेतला नाही.

पत्त्यांशी माझे वैर नाही. कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत पाच-तीन-दोन, मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात आणि झब्बू, प्रवासात मेंढीकोट, असा माझा आणि पत्त्यांचा संबंध चार मध्यमवर्गीयांसारखाच. त्यात हरले तरी कोणी लक्षात ठेवीत नाही, आणि जिंकले तर पुढचा डाव वाटावा लागतो. ब्रिज हे मेंढीकोटाचेच दूरचे, शिकूनसवरून मोठे झालेले भावंड. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. पण मेंढीकोटात आपण दश्शा पकडण्यासाठी धावतो, तर ब्रिजमध्ये आधी बोली लागते. आम्ही इतके हात करू, अमुक हुकूम धरून करू, असे वचन द्यायचे आणि मग ते पाळून दाखवायचे. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पाने उताणी टेबलावर मांडतो आणि त्या डावापुरता मुकाट बसतो. त्याला 'डमी' म्हणतात. गुण मांडण्याची आजची पद्धत हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर बसवली. त्याच सुमारास आपल्या नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहत होता. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात, आणि कागदाच्या त्या तुकड्यांपुढे हुकमाच्या एक्क्याचेही काही चालत नाही, हा भाग वेगळा.

आता माझ्या शंका. त्या मी एका रात्री वहीत लिहून काढल्या. प्राध्यापकाला मुद्दे घातल्याशिवाय झोप येत नाही.

पहिली शंका प्रतिष्ठेची. पत्ते म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे सर्वनाश, हे आपल्या रक्तातच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे रडगाणे आहे. फाशांपायी त्याची बायकोसुद्धा त्याला दुरावली आहे. महाभारताविषयी तर बोलायलाच नको. परंतु त्याच परंपरेने दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव दिले, आणि त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले, त्यात पार्वती जिंकली, अशी कथाही सांगितली. म्हणजे खेळाला आपला विरोध नव्हता. घरदार पणाला लावण्याला होता. सावंतवाडीची गंजिफा पाहा. गोल, लाखेचा हात दिलेली, रंगवलेली पाने. दशावताराचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा पाने, म्हणजे एकशेवीस पानांचा संच. दिवसा डाव मांडला तर रामाच्या रंगाचा मान पहिला, रात्री मांडला तर कृष्णाच्या. ही कला मरणाच्या दारात असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगवली. ज्या खेळात मत्स्यापासून कल्कीपर्यंत सारे अवतार हातात धरून बसायचे, तो खेळ निव्वळ पापाचा कसा म्हणावा?

कायद्याचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ बाजूला ठेवले होते. पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रमीचा खटला आला. तीन पत्ती निव्वळ नशिबाची, पण रमीत कौशल्याचा भाग मोठा, असा निवाडा झाला. आणि रमीत नशिबाचा वाटा किती हे सांगताना न्यायमूर्तींनी दाखला दिला तो ब्रिजच्या वाटणीचा. आणखी पुढे, २०२५ साली, संसदेने पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळच बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. काकांच्या टेबलावर पैसा हा शब्द निघत नाही. सत्तावीस वर्षांत तिथे पैज लागली ती एकदाच, आणि तीही गोदावरीला पूर येणार की नाही यावर.

दुसरी शंका नशिबाची. पाने चांगली आली तर कोणीही जिंकेल. मग त्यात पुरुषार्थ कसला? बावन्न पानांतून तेरा पाने हातात येण्याचे प्रकार आहेत ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. एवढ्या मोठ्या लॉटरीत माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराने कशाला पडावे? काकांना हे विचारले तेव्हा त्यांनी कपाटातून एक चपटी पाटी काढून दाखवली. तिला चार खिसे होते, चार दिशांचे. स्पर्धेत डाव एकदाच वाटला जातो. खेळताना कोणी आपली पाने मध्ये टाकत नाही. ज्याची त्याच्यापुढेच राहतात, आणि डाव संपला की आपापल्या खिशात परत जातात. मग ती पाटी पुढच्या टेबलावर जाते, आणि तीच पाने घेऊन दुसरे चौघे खेळतात. शेवटी तुलना होते ती त्याच पानांवर इतरांनी काय केले याच्याशी. तुमच्याकडे दुर्री-तिर्रीचा बाजार आला असेल, तर त्या दिशेला बसलेल्या सगळ्यांकडेच तो आलेला असतो. त्यात तुम्ही इतरांहून कमी हरलात तरी ते जिंकणेच.

हे ऐकून मी जरा गप्प झालो. वीस वर्षे मी परीक्षा घेत आलो आहे; सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, हा न्याय मला समजतो. संसारात मात्र ही सोय नाही. आपल्याला जी पाने आली तीच शेजाऱ्याला आली असती तर त्याने काय केले असते, हे कधीच कळत नाही, आणि म्हणून प्रत्येकजण आपल्या पानांना दोष देत राहतो. आठवड्यातून एका संध्याकाळी तरी ती सबब काढून घेणारे टेबल असावे, हा विचार मला पटला; आणि त्याची थोडी भीतीही वाटली.

तिसरी शंका वयाची. चाळिशी उलटल्यावर चष्मा लागतो, नवा खेळ लागत नाही, असे म्हणतात. पण २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिजला प्रथमच पदकाचा मान मिळाला, आणि पुरुषांच्या दुहेरीचे सुवर्णपदक आपल्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने आणले. एकाचे वय साठ, दुसऱ्याचे छप्पन्न. त्याच पथकात रीटा चोक्सी होत्या, त्या एकोणऐंशी वर्षांच्या. पुढच्या आशियाई खेळांत, म्हणजे २०२३ साली हांगझोला, आपल्या पुरुष संघाने रौप्यपदक मिळवले. धावपटू ज्या वयात आठवणी लिहायला घेतो, त्या वयात ब्रिजचा खेळाडू रंगात येतो. अर्थात या मंडळींनी खेळ चाळिशीत सुरू केला असे माझे म्हणणे नाही. मला सुवर्णपदक मिळणार नाही याची खात्री असल्यामुळे त्या बाजूने मन शांत आहे.

मेंदूच्या आरोग्याचाही मुद्दा हल्ली फार ऐकू येतो. २००३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झालेला आढळला. पण हे दोन्ही एकत्र आढळणे निराळे, आणि खेळामुळेच बुद्धी टिकली असे सिद्ध होणे निराळे; ज्याची बुद्धी शाबूत तोच खेळायला बसतो, असेही असू शकेल. शिवाय औषध म्हणून पत्ते खेळायचे तर त्या यादीतले नृत्यही करावे लागेल, आणि आमच्या इमारतीचे बांधकाम तितके भक्कम नाही.

चौथी शंका वेळेची, आणि ही खरी. पत्ते बावन्न, वर्षाचे आठवडेही बावन्न. दर बुधवारी अडीच तास म्हटले तर वर्षाला एकशेतीस तास होतात. त्यावर घरचा अभ्यास, आणि स्पर्धेचे दोन-तीन दिवस. बुधवार हा नाशकात गंगेकाठच्या बाजाराचा दिवस. आठवड्याची भाजी आणण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. मुलगी अकरावीत आहे. आईचे गुडघे दुखतात, आणि संध्याकाळी तिच्याजवळ कोणी बसले तर ते कमी दुखतात. हे एकशेतीस तास आकाशातून पडणार नाहीत. कोणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतील. छंदाच्या कौतुकात ही गोष्ट कोणी सांगत नाही. गृहस्थाचा छंद म्हणजे थोडाफार घरच्यांवर बसवलेला करच. तो रास्त असला तरी तो भरणाऱ्याला विचारायला हवे.

मुलीने यावर एक तोड सुचवली. "बाबा, तू फोनवर खेळ ना! तिथे रात्री अकरालासुद्धा भिडू मिळतो. आणि माणूस नसेल तर यंत्र खेळतं." हे खरे आहे, जगभरचे लोक तसे खेळतात, आणि शिकण्यासाठी ते उत्तमही आहे. पण मला जो प्रश्न पडला आहे तो मला खेळायला भिडू मिळेल की नाही हा नाही. वरच्या मजल्यावर एक खुर्ची रिकामी आहे, हा आहे. ती फोनने भरत नाही.

पाचवी शंका मी वहीत लिहिली आणि खोडली, आणि पुन्हा लिहिली. भिडूची शंका. ब्रिजमध्ये बोलीसाठी शब्द आहेत अवघे पंधरा: एक ते सात हे आकडे, चार रंग, बिनहुकूम, पास, डबल आणि रिडबल. त्यांतून अडतीस वाक्ये होतात, अधिक नाही. या अडतीस वाक्यांत भिडूला सांगायचे की, माझ्याकडे बळ किती आहे, कुठला रंग लांब आहे, तू पुढे हो किंवा थांब. आवाज चढवायचा नाही, भुवई उचलायची नाही, उसासा टाकायचा नाही. आणि सर्वांत विलक्षण नियम असा की, आपसात ठरवलेला प्रत्येक संकेत विरोधकांनाही माहीत असला पाहिजे. त्यांनी विचारले तर तो समजावून सांगावा लागतो. चोरून बोललेले चालत नाही. मोठ्या सामन्यांत टेबलावर तिरपा पडदा असतो, भिडूला भिडू दिसत नाही. तरीही २०१५ साली युरोपातल्या काही नामांकित जोड्या खाणाखुणा करताना पकडल्या गेल्या, आणि त्या पकडून देण्यात पुढाकार होता तो खेळाडूंचाच. मी भाषेचा मास्तर आहे. मराठी शब्दकोशातले हजारो शब्द हाताशी असून घरात दिवसातून चार वेळा गैरसमज होतो. अडतीस वाक्यांत निभावणाऱ्यांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

काका आणि मास्तर सत्तावीस वर्षे ही अडतीस वाक्ये एकमेकांशी बोलत आले. त्या खुर्चीवर मी बसलो, आणि 'दोन बदाम' म्हणालो, की काकांना त्यात मास्तरांचे 'दोन बदाम' ऐकू येणार. माझी बोली कच्ची असेल, माझी उतारी भलत्या रंगाची असेल, आणि काका काही बोलणार नाहीत. तेच अवघड. कोणाची तरी जागा घेणे म्हणजे त्या माणसाशी आपली तुलना रोज करवून घेणे. कॉलेजात नव्या प्राध्यापकाला निवृत्त झालेल्यांचे विद्यार्थी काय काय ऐकवतात, हे मी पाहिलेले आहे.

भिडू म्हणजे काय प्रकरण असते, हे सांगायला एक इतिहासच पुरे. १९२९ साली अमेरिकेत कॅन्सस सिटी इथे बेनेट नावाचे जोडपे शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होते. नवऱ्याने चार इस्पिकांची बोली घेतली आणि ती फसली. शब्दाला शब्द वाढला, नवऱ्याने हात उचलला, आणि थोड्या वेळाने बायकोने त्याला पिस्तुलाने ठार केले. १९३१ साली न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. ही हकीकत मी रात्री जेवताना सांगितली. उद्देश फक्त माहितीचा होता.

सौ.ने ताटातला घास खाली ठेवला. "पण काकांनी तुम्हालाच का विचारलं?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र सुचेना. आमच्या घरात पत्ते कोणाला कळतात असे आईला विचारले असते, तर तिने माझे नाव पाचवे घेतले असते, आणि आम्ही घरात चौघेच आहोत. सौ.चे माहेर सिन्नरचे. त्यांच्या वाड्यात दुपारची कामे आटोपली की बायकांचा लाडीसचा फड बसे, आणि त्यात ही वयाच्या बाराव्या वर्षापासून. कोणाचा कुठला पत्ता पडला हे तिला डाव संपल्यावरही उलट्या क्रमाने सांगता येते. मुंबईला जाताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये एकदा समोरच्या प्रवाशांचा डाव ती नुसती बघत होती. इगतपुरी यायच्या आत तिने माझ्या कानात सांगितले होते की, त्या टोपीवाल्यांकडे किल्वरची राणी आहे आणि ते ती उगाच दाबून बसले आहेत. ती राणी कसाऱ्याच्या आधी निघाली.

"मला नाही कोणी विचारलं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. मीठ कमी आहे हे सांगावे तशी.

"तुला यायचे आहे का?"

"बुधवारी तुम्ही वर गेलात की भाजी कोण आणणार, आईंजवळ कोण बसणार, हे तुम्ही वहीत लिहिलंत. मी तिथे काय करणार हे त्यात नाही. मला खेळायचं आहे की नाही ते मी खेळून बघितल्यावर सांगेन."

आई मध्येच म्हणाली, "मला काय धाड भरली आहे! मलाही घेऊन चला वर. गॅलरीत वारा तरी येतो."

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो आणि जसे घडले तसे सांगितले. ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवीत राहिले. सत्तावीस वर्षांत त्या टेबलावर बाईमाणूस बसलेले नव्हते. कोणी मनाई केली होती असे नाही, कोणाच्या मनातच आले नव्हते. मग त्यांनी विचारले, "पत्ते लक्षात राहतात त्यांच्या?" मी पंचवटी एक्स्प्रेसची गोष्ट सांगितली. काका सरळ होऊन बसले. "किल्वरची राणी? इगतपुरीच्या आधी?" आणि मग, मास्तर गेल्यापासून प्रथमच, ते मोठ्याने हसले. "प्रोफेसर, संघात चारच असावेत असा नियम नाही. सहापर्यंत चालतात. तुम्ही दोघेही या. पण भिडू म्हणून एकमेकांसमोर बसायचे नाही. ती कॅन्सस सिटीची गोष्ट मलाही माहीत आहे."

तेव्हा मी ठरवले आहे. वहीतल्या शंका सुटल्या म्हणून नव्हे. नशिबाची सुटली, प्रतिष्ठेची सुटली, वयाची सोडून दिली. वेळेची आणि भिडूची तशीच आहे, आणि ती वहीत बसून सुटणारी नाही. पण एक गोष्ट मला दिसली. खेळ चांगला की वाईट हे ठरवण्यात मी आठ दिवस घालवले, आणि काकांनी मला तो प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांनी विचारले होते ते एवढेच की, तुम्ही येता का. माणसे फार वेळा असे काही विचारीत नाहीत. विचारायला शहात्तराव्या वर्षी एक जिना उतरून यावे लागते.

स्पर्धेचेही मी मनाशी मिटवले. निव्वळ करमणूक म्हणून खेळू, गुण कशाला लिहायचे, असे मी काकांना सुचवून पाहिले होते. ते म्हणाले, "गुण लिहिले नाहीत तर माणूस कसाही खेळतो, आणि मग समोरच्याचा वेळ फुकट जातो." हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे.

अटी मात्र आम्ही लिहून काढल्या आहेत. मुदत एक वर्षाची. पुढच्या दिवाळीला पुन्हा विचार करायचा. बुधवारखेरीज दुसरा दिवस नाही. परीक्षांच्या महिन्यात सुट्टी. पैसा लावायचा नाही, चकलीसुद्धा पैजेवर द्यायची नाही. डाव संपल्यावर त्याची चिरफाड पाच मिनिटे, सहावे मिनिट नाही, आणि ती घरी न्यायची नाही. भाजी सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी मी आणायची. आईची खुर्ची गॅलरीच्या वाऱ्याच्या बाजूला. स्पर्धेत कोण उतरणार हे काका ठरवतील, आणि त्यांचा निर्णय मान्य करायचा. तो निर्णय कोणाच्या बाजूने लागेल याचा मला आत्ताच अंदाज आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

एक अट डॉक्टरांनी घातली. आता टेबलाभोवती पाच जण झाले; म्हणजे दर फेरीला एकजण बाहेर बसणार. जो बाहेर बसेल त्याने चहा करायचा, मग तो बुवा असो की बाई. बँकेतल्या गृहस्थांनी आजवर कधी चहा केलेला नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्यांनाही शिकावे लागेल. पहिला पाठ पाडवा झाल्यावर येणाऱ्या बुधवारी, संध्याकाळी साडेसहाला आहे. काकांनी रेघी वही आणायला सांगितली आहे, सौ.ने दोन आणून ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवर स्वतःचे नाव घातले आहे.